मशीनचं होईल हो, आधी ती पॉलिसी बघा

अंबड एमआयडीसीतल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय 42, बायको, दोन मुलं, स्वतःचा गाळा, 1996 चं 150 टनी इंजेक्शन मोल्डिंग मशीन (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरणारं), स्विचच्या बॉडीचं जॉबवर्क, सगळं जाऊन महिन्याला 65 हजार हातात पडतात. मशीन शॉर्ट शॉट मारतंय, म्हणजे साचा पूर्ण भरत नाही, फ्लॅशही येतोय, म्हणजे कडेने जादा प्लास्टिक बाहेर येतंय, मेकॅनिकने साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय. दुरुस्त करू की 18 लाखांचं नवं लोनवर घेऊ, असं विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "पैशाचं टेन्शन नाही, आत्ता ओडीतून (बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून) काढतो, पुढच्या वर्षी पॉलिसी मोडली की भरून टाकतो."

भाऊ, घोळ त्या शेवटच्या ओळीत आहे.

मशीनचं आधी सांगतो. नवं नको. 18 लाख, 5 वर्षं, 11 टक्के धरले तर हप्ता 39 हजार, घरात उरणार 26. पण जुन्यावरही एकदम साडेचार लाख घालू नका. होल्डिंग प्रेशर, म्हणजे साचा भरल्यावर माल दाबून धरणारं प्रेशर, चालू असताना स्क्रू पुढे सरकतच राहतो का ते उभं राहून बघा, कुशन, म्हणजे स्क्रूपुढे उरायला हवा तो थोडा माल, टिकत नसेल तर माल चेक रिंगवरून (स्क्रूच्या टोकाला माल मागे येऊ न देणारी रिंग) मागे येतोय, आधी फक्त तेवढी रिंग बदला, तरी टिकलं नाही तर बॅरल-स्क्रूचं बोलू. फ्लॅश एकाच बाजूला येत असेल तर टाय बारवरचा (साच्याच्या प्लेटा धरणारे दांडे) ताण आणि टॉगलच्या (साचा दाबून बंद करणारी यंत्रणा) पिना-बुश तपासायला सांगा. सकाळी बरं चालतं आणि दुपारी तेल तापल्यावर प्रेशर पडतं, तर पंप किंवा व्हॉल्व्ह आतून लीक आहे. टाय बारलाच क्रॅक निघाला तर मात्र या मशीनवर पैसे घालू नका.

आता पॉलिसी. वर्षाला दीड लाख, 12 वर्षं भरायचे, विमा फक्त 15 लाखांचा. ओडी रिन्यू करताना बँकेतल्या माणसाने गळ्यात मारली, म्हणे तीन वर्षं भरा आणि सगळे पैसे व्याजासकट काढून घ्या. असं काही होत नसतं हो! तुमची पॉलिसी ऑक्टोबर 2024 च्या आधीची, म्हणजे जुन्या नियमांची, तिसऱ्या वर्षी गॅरंटीड सरेंडर (पॉलिसी मोडल्यावर हमीने मिळणारी रक्कम) भरलेल्या हप्त्यांच्या साधारण 35 टक्के, म्हणजे साडेचार लाख भरून हातात दीड लाखाच्या आसपास, कंपनी स्वतः ठरवते ती स्पेशल सरेंडर व्हॅल्यू धरून थोडे जास्त मिळतील एवढंच. आणि तिकडे साडेचार लाखांच्या ओडीला 12 टक्क्यांनी वर्षाला 54 हजार व्याज. साडेचार लाखांच्या भोकाला दीड लाखाचं ठिगळ कसं पुरणार?

मला जास्त राग याचा येतो की गाळा बँकेकडे तारण, ओडी तुमच्या नावावर, आणि उद्या तुम्हाला काही झालं तर बायकोच्या हातात 15 लाख. 1 कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) या वयाला, तब्येत ठीक असेल तर, वर्षाला वीस-पंचवीस हजारांत बसतो, 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. तो आधी घ्या, मेडिकल होऊन कागद हातात येऊ दे.

मग कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली तर किती आणि पेड-अप ठेवली (पुढचे हप्ते थांबवून, न मोडता) तर शेवटी किती. ओडीसाठी पॉलिसी घ्यायला लावली असेल तर तेही लिहून कंपनीकडे तक्रार टाका, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर विमा लोकपाल. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे म्हणता, तो भरू नका, तोच दीड लाख चेक रिंग, सील किट, नवं तेल आणि टर्मच्या प्रीमियमला लावा, बरंचसं काम ओडीला हात न लावता होईल. ऑटो डेबिट याच आठवड्यात बंद करा आणि बँकेकडून शिक्क्याची पोच घ्या, तोंडी "झालं साहेब" वर परत येऊ नका.