जुनं साहित्य वाचून आजच्या घडामोडी खरंच कळतात का?

हो, आणि माझ्यासाठी त्याचा पुरावा तुकोबांचा एक अभंग आहे. शेतकऱ्यांच्या कर्जाच्या बातमीत आकडे असतात, किती थकलं, किती माफ झालं. १६३० च्या भीषण दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, पत्नी गेली. ते लिहितात, ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान’. पैशाला जोडूनच मान! आणि पुढे, ‘लज्जा वाटे जीवा’, धंद्यात तूट आली म्हणून.

ही लाज कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. आमच्या एका काकांची दोन वर्षं सोयाबीन गेली, तेव्हा त्यांनी लग्नाकार्याला येणं बंद केलं. आम्ही म्हणायचो, काका तिरसट झालेत. हा अभंग नीट वाचला आणि पोटात तुटलं. काका तोंड लपवत होते, आणि आम्हाला साधं ‘कसे आहात’ विचारायचंही सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. कर्जाचा विषय काढला नाही, नुसता बसलो.

सगळंच जुनं साहित्य असं भिडेल असं नाही. गाथा मात्र उघडाच. रोज एकच अभंग, मोठ्याने वाचा.