लाल पेनाचा शेरा आणि पावणेचारची भरती

"मॅडम, मला शिकवायला जमणारच नाही."

बी.एड.ची छात्राध्यापिका, मालवणकडच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. सराव पाठ तोंडावर आलेले, झोप उडालेली. टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या आराखड्याच्या वहीत, उद्दिष्टांसमोर लाल पेनाने सरांचा तिसऱ्यांदा तोच शेरा : 'संदिग्ध'. या दिवसांत माझ्याकडे, समुपदेशकाकडे, हीच तक्रार घेऊन बरेच जण येतात.

पाठ सातवीच्या भूगोलातला, भरती-ओहोटीचा. तिने लिहिलं होतं : 'विद्यार्थ्यांना भरती-ओहोटीची माहिती देणे. सागराविषयी जाणीव निर्माण करणे.' सीनिअरच्या फाइलीतून उतरवलंय, हे तिनेच सांगून टाकलं.

'जमेल गं' म्हणून पाठवणं सोपं होतं. पण मग ती चौथा शेरा घेऊन आली असती. म्हणून वहीच पुढे ओढली.

"माहिती देणार कोण?"

"मी."

"म्हणजे हे तुझं काम झालं. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा काय करून दाखवेल?"

"त्याला समजलेलं असेल."

"ते तुला दिसेल कसं?"

ती गप्प. शिक्षणतज्ज्ञ ब्लूमने 1956 मध्ये मांडलेल्या उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या मात्र तिने ज्ञानापासून मूल्यमापनापर्यंत घडाघडा म्हणून दाखवल्या. परीक्षेपुरत्या पाठ होत्या. वहीपर्यंत त्यातली एकही उतरली नव्हती.

मी विषय बदलला. "घरी भरतीची वेळ कोण सांगतं?"

"आबा. कॅलेंडर बघतात नि म्हणतात, 'आज पंचमी, पावणेचाराक भरती.'"

हिशेब जुनाच : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की तिथी पुन्हा एकपासून. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून पाऊणकीच्या पाढ्यावर काम भागतं. अंदाजच तो, पण होडी लोटायला पुरतो.

"हे मुलांना करता आलं तर?"

तिने पेन घेतलं. बरीच खाडाखोड झाली. शेवटी ब्लूमच्या 'उपयोजन' या पायरीखाली उतरलं : 'तिथी दिली असता विद्यार्थी पूर्ण भरतीची अंदाजे वेळ काढतो, पाचपैकी किमान चार उत्तरं बरोबर.' हाताशी काय दिलं, त्याने काय केलं, किती जमलं म्हणजे पुरे, तिन्ही आलं. मग 'आकलन' या पायरीखाली, मी काही न बोलता : 'आकृतीतील सूर्य, चंद्र, पृथ्वी यांची स्थिती पाहून भरती उधाणाची (मोठी) की भांगाची (लहान) ते ओळखतो व कारण सांगतो.'

'जाणीव निर्माण करणे'वर ती अडली. काढायचं तिच्या जिवावर आलं होतं. समुद्राची ओढ लागावी असं वाटणं चांगलंच, पण ती एका तासात लागली की नाही हे कोण तपासणार? ते मनात ठेव, रकान्यात नको, म्हटलं. (माझ्याही नोंदींत 'आत्मविश्वास वाढवणे' असं ध्येय कितीदा सापडतं! त्या दिवशी तिच्या कागदावर मी लिहिलं : 'पुढचं टाचण कुणाचं न बघता लिहून आणते.')

पाठानंतर ती आली ती थेट मुलांबद्दलच बोलत. "मॅडम, कृष्ण षष्ठी दिली होती. साडेचार यायला हवं, तर दोघांनी एकविसाची पाऊणपट करून पावणेसोळा लिहिलं! पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं, हे मी फळ्यावर लिहिलंच नव्हतं. उद्या पहिली पाच मिनिटं त्यालाच."

सरांचा शेरा काय होता, ते मी विचारल्यावर तिला आठवलं.