आगमनकाळाचे प्रश्न: गुलाबी मेणबत्ती, डिसेंबरातलं लग्न आणि रिकामी गव्हाणी

आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा वाट बघायचा काळ, दर रविवारी एक मेणबत्ती पेटवतात. यंदा तो 30 नोव्हेंबर 2025 ला सुरू होतोय, पुढचे रविवार 7, 14 आणि 21 डिसेंबर, आणि नाताळ गुरुवारी. तारीख दरवर्षी बदलते म्हणून बरेच जण गोंधळतात पण हिशोब सोपा आहे, संत अंद्रियाचा सण 30 नोव्हेंबरला असतो, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो आगमनाचा पहिला. 2023 मध्ये चौथा रविवार नेमका 24 डिसेंबरला आला होता, सकाळी चौथी मेणबत्ती पेटवली आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आठवत असेल तुम्हाला. या महिन्यात आलेल्या पत्रांतली सहा घेतलीत.

प्रश्न: आम्ही मूळचे वसईचे, आता मीरा रोडला राहतो. मुलगा सहा वर्षांचा आहे. संडे स्कूलमधून येऊन विचारतो, आगमनाच्या चक्रात तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एकच गुलाबी का? मला उत्तर देता आलं नाही. घरी हे चक्र करायचं असेल तर ती झाडाची हिरवी डहाळी आणि त्याच रंगाच्या मेणबत्त्या हव्यातच का? दुकानात सेट फार महाग आहे.

सेट अजिबात घेऊ नका. आधी या चक्राची गोष्ट मुलाला सांगा, त्याला आवडेलच. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक पाळक होते, गरीब मुलांसाठी त्यांनी घर चालवलं होतं, आणि नाताळ जवळ आला की ही मुलं रोज विचारायची, अजून किती दिवस? तर 1839 मध्ये त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, आठवड्याच्या दिवसांना लहान लाल आणि रविवारांना मोठ्या पांढऱ्या, रोज एक पेटवायची म्हणजे मुलांना मोजता यायचं. ते प्रोटेस्टंट होते, आपल्या कॅथलिक चर्चमध्ये ही पद्धत बरीच नंतर, 1920 च्या दशकात आली. म्हणजे सुरुवातच एका मुलाच्या प्रश्नातून झालीय, तुमच्या मुलाने विचारला तसाच.

आता रंग. जांभळा हा आगमनकाळातल्या झग्याचा रंग, फादर वेदीवर घालतात तोच. तिसऱ्या रविवाराचं लॅटिन नाव गौदेते, म्हणजे आनंद करा, त्या दिवशीच्या मिस्साची सुरुवातच संत पौलाच्या शब्दांनी होते, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’. अर्धी वाट सरली, म्हणून जांभळा जरा उजळतो आणि गुलाबी होतो. पण मुलगा मोठा झाला की त्याला यंदाच्या तिसऱ्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं वाचन, पुन्हा वाचून दाखवा, कारण मला स्वतःला ते फार लागतं. यंदा रविवारी मत्तयाचं शुभवर्तमान वाचायचं वर्ष आहे, आणि या आनंदाच्या रविवारी आपण काय ऐकतो तर योहान बाप्तिस्ता तुरुंगात बसलाय आणि तिथून शिष्यांना येशूकडे पाठवून विचारतोय, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? ज्याने सगळ्यांना सांगितलं तो येतोय, त्यालाच अंधारात बसून शंका आली. आणि चर्चने हे वाचन ठेवलं ते गुलाबी मेणबत्तीच्या दिवशी.

चक्राचे रंग चर्चने सक्तीचे केलेले नाहीत. चार पांढऱ्या मेणबत्त्या घ्या, एकीला गुलाबी रिबीन बांधा. तिकडे युरोपात थंडीत सगळी पानं गळतात आणि सूचिपर्णी झाडच हिरवं राहतं म्हणून तिथले लोक त्याची डहाळी लावतात, आपल्याकडे आंब्याचे टाळे बारा महिने हिरवे, स्टीलच्या ताटात टाळे ठेवा, मध्ये मेणबत्त्या, झालं. फक्त मेणबत्ती मुलाच्या हातून पेटवून घ्या आणि त्या वेळी घरातला टीव्ही बंद असू द्या.

प्रश्न: मी कुवेतला असतो. सुट्टी 5 ते 28 डिसेंबर. लग्न 13 डिसेंबरला ठरवायचं म्हणतोय, हॉलही मिळतोय. बाबा ऐकायलाच तयार नाहीत, म्हणतात आगमनात आपल्यात लग्न होत नाही. फादर म्हणाले बंदी नाही. नक्की खरं काय?

दोघंही खरं बोलतायत. तुमच्या बाबांच्या, त्याहून आजोबांच्या काळात 1917 चा चर्चचा कायदा होता, त्यात आगमनाच्या पहिल्या रविवारापासून नाताळच्या दिवसापर्यंत लग्नाचा थाटाचा आशीर्वाद देत नसत, ईस्टरआधीच्या उपवासकाळातही तसंच. 1983 च्या नव्या कायद्यात ते कलम नाही. पण माणसांच्या अंगात मुरलेलं कलम काढून जात नाही, आणि मला वाटतं जाऊही नये पूर्ण. आपल्याकडे लग्नं नाताळ झाल्यावर ते उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपर्यंत, हे वसईतल्या गावागावात लोक धरून चालतात, गोव्यातही जुन्या घरांतून हेच ऐकाल.

आता प्रॅक्टिकल बोलू. 13 डिसेंबर शनिवार आहे, लग्न लागू शकतं, पण आगमनात वेदीवरची फुलं आणि वाद्यं दोन्ही बेताची ठेवायची असा मिस्साच्या नियमांतच उल्लेख आहे, नाताळचा पूर्ण आनंद आधीच खर्च करू नये म्हणून, त्यामुळे फादर तुम्हाला सजावटीबद्दल सांगतील आणि ते बरोबरच असेल. तिकडे घरी तुम्हाला लग्नाआधीच्या विधीचं उंबराचं पाणी वाजतगाजत आणायला बँड हवा, मांडव हवा, आणि चर्चमध्ये मात्र जांभळा काळ, मग त्या दिवशी मन कशात ठेवायचं? आणि रविवारी लग्न घेतलंत तर लग्नाची खास मिस्सा होतच नाही, आगमनाच्या रविवारचीच होते.

माझा सल्ला विचाराल तर 27 डिसेंबर बघा, तोही शनिवार आहे, नाताळचा काळ सुरू झालेला असेल, चर्च आधीच सजलेलं असेल आणि बाबांचा चेहराही. 28 ला फ्लाइट आहे हे कळतं, म्हणून कंपनीला आजच मेल करा, लग्नासाठी चार दिवस वाढवून मागायला लाजू नका. नाहीच मिळाले तर 13 ला साधं लग्न करा, बँड न लावता, आणि बाबांना तुम्ही स्वतः जवळ बसून सांगा, फादरांच्या तोंडून नको. चर्चमध्ये लग्नाची घोषणा वाचायला आणि कागदपत्रांना वेळ लागतो, मुलीच्या धर्मग्रामाचं, म्हणजे तिच्या चर्चचं, पत्रही लागेल, ते आत्ताच सुरू करा.

प्रश्न: आगमनकाळात मटण-मासे चालतात का? सासूबाई नको म्हणतात.

चालतात. शुक्रवारचं जे वर्षभर पाळता तेच पाळायचं, वेगळा उपवास आता आपल्या लॅटिन पद्धतीत नाही. पूर्वी युरोपात 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणानंतर उपवास धरायचे, आणि केरळच्या सिरो-मलबार, म्हणजे पूर्वेकडच्या परंपरेतल्या कॅथलिक, घरांत आजही नाताळआधी पंचवीस दिवसांचा उपवास असतो, आपल्या इथे कल्याण महाधर्मप्रांतातली त्यांची कुटुंबं पाळतात. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं कुठूनतरी आलेलंच आहे. त्या धरत असतील तर त्यांच्या ताटात त्यांना हवं ते वाढा, वाद कशाला.

प्रश्न: वय 52. अकरा वर्षं झाली कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, केलेलं नाही. तेव्हा एका फादरांनी मला फार कडक शब्दांत झापलं होतं, बाहेर बसलेल्यांना ऐकू गेलं असेल असं वाटून मी परत गेलोच नाही. रविवारी मिस्साला जातो, ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायच्या वेळी मागे उभा राहतो. बायको म्हणते यंदा आगमनात जा. पश्चात्तापाची प्रार्थनाही नीट आठवत नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हे सांगते, तुमच्यावर आवाज चढवला गेला ते चुकलंच. त्या जागी माणूस आधीच वाकून आलेला असतो, त्याला आणखी वाकवायचं नसतं. आणि अकरा वर्षं तुम्ही मागे उभे राहिलात पण चर्च सोडलं नाहीत, दर रविवारी ती दहा मिनिटं किती जड जात असतील हे मला कळतं, माझ्या घरात एक जवळचं माणूस असंच उभं राहायचं.

आता ऐका. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बहुतेक धर्मग्रामांत प्रायश्चित्ताची संध्याकाळ असते, आधी सगळ्यांची मिळून प्रार्थना, वाचन, आणि मग आजूबाजूच्या चर्चमधून आलेले पाच-सहा फादर वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात आणि एकेकाचं ऐकतात. मुद्दाम त्या संध्याकाळी जा. तुमच्या गावातले नाहीत, तुम्हाला ओळखत नाहीत अशांकडे जाता येईल. गर्दीत कोण कुणाकडे गेलं कुणी बघत नाही, आणि समूहगीत चालू असतं त्यामुळे शब्द बाहेर जात नाहीत. चेहरा दाखवायचा नसेल तर जाळीआडून बोलायचा तुम्हाला हक्क आहे, चर्चचा कायदाच सांगतो. आणि तुम्ही जे बोलाल ते त्या फादरांना कुणालाही, कधीही, कोर्टातसुद्धा सांगता येत नाही.

प्रार्थना आठवत नाही म्हणून थांबू नका. बसल्याबसल्या एवढंच म्हणा, ‘फादर, अकरा वर्षं झालीत, मला काही आठवत नाही, तुम्ही मदत करा.’ पुढचं ते विचारत नेतील. पश्चात्तापाची प्रार्थना कागदावर लिहून खिशात ठेवलीत तरी चालते, संडे स्कूलच्या मुलांना आम्ही तेच सांगायचो आणि मोठ्यांनी केलं तर काय बिघडलं. मागच्या वेळी काय झालं होतं तेही सांगून टाका, मनातून जाईल. बायकोला सोबत घेऊन जा, ती बाकावर बसेल.

प्रश्न: आम्ही हिंदू आहोत, विरारला राहतो. शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, फार चांगली माणसं. 1 डिसेंबरला मी मेरी ख्रिसमस म्हटलं तर आजी हसून म्हणाल्या, अजून आला नाही गं. मी चुकीचं बोलले का? त्यांचा चांदणीचा कंदीलही अजून लागला नाही.

चुकीचं काहीच नाही, आजींना ते आवडलंच असणार. आमच्यात 24 च्या संध्याकाळपर्यंत वाट बघायचा काळ असतो, चर्चमध्ये आनंदाचं ‘सर्वोच्च स्वर्गी गौरव’ हे गीतही रविवारी गात नाहीत, ते थेट नाताळच्या रात्री घंटा वाजवून गातात, चार आठवडे न गायल्यामुळे तेव्हा अंगावर काटा येतो. मधे 8 डिसेंबरच्या मरियामातेच्या सणासारख्या एखाद्या सणालाच गायलं जातं. कंदिलाचा नियम नाही, कुणी पहिल्या तारखेला लावतं, कुणी 16 डिसेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली की. तुम्ही 25 ला पुन्हा शुभेच्छा द्या, आणि राहिलंच तर घाई नाही, नाताळचा काळ यंदा 11 जानेवारीपर्यंत आहे. दिवाळीत तुम्ही फराळाचं ताट दिलं असेल, ते अजून आजींकडेच असेल बघा, भरून येणार आहे.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये माझे यजमान गेले. दरवर्षी नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तेच करायचे, पेंढा आणण्यापासून सगळं. यंदा मुलं म्हणतात करायचा, मला होत नाही. लोक म्हणतात दुःखाच्या घरात गोठा, करंज्या करू नयेत. काय करू?

ताई, जे होत नाही ते करू नका. पण थोडंसं एक सुचवते, मनात आलं तर बघा.

संत फ्रान्सिस असिसीकरांनी 1223 मध्ये इटलीत ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला तेव्हा त्यात पुतळे नव्हते, लाइट नव्हते. एक गव्हाणी, पेंढा, खरा बैल आणि खरं गाढव, आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीतच मुळी, ते बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले, बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या धन्याची गव्हाणी ओळखतं पण माझी प्रजा मला ओळखत नाही, असं तिथे देव म्हणतो. आपण आता डोंगर, धबधबे, स्पर्धा, बक्षिसं इथवर गेलोय, पोरं रात्र रात्र जागून करतात आणि मला त्यांचं कौतुकच आहे, पण गोठा म्हणजे तेवढंच नाही.

तर यंदा फक्त रिकामी गव्हाणी ठेवा, एखादं खोकं चालेल. यजमान ज्यांच्या उडवीतून पेंढा आणायचे तिथूनच मुलांना आणायला सांगा. नातवंडं असतील तर त्यांना सांगा, रोज कुणासाठी काहीतरी चांगलं केलंत की एक काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे बाळ येशूला मऊ होईल, ही फार जुनी पद्धत आहे आणि मुलांना समजते. आजोबांची आठवण आली म्हणून आजीजवळ येऊन बसलं, त्याचीही एक काडी. बाळ येशू 24 च्या रात्री मिस्साहून आल्यावर ठेवायचा, तोवर जागा मोकळीच असते, आणि मोकळी जागा या वर्षी तुमच्या घरात कुणाला समजवावी लागणार नाही.

यजमानांच्या नावाने 25 च्या आधी एक मिस्सा सांगून ठेवा, ऑफिसमध्ये डिसेंबरच्या तारखा लवकर भरतात, रविवार सोडून मागा. आणि करंज्या, नेवऱ्या, कलकल यंदा तुम्ही करू नका, आमच्या वाडीत दुःखाच्या घरी शेजारणी पाठवतात, तुमच्याकडेही येतील. दार उघडा आणि घ्या, नको म्हणू नका.