शोरूमचा मालक आठचे पाच तास करून पगारही त्याच हिशोबाने कापणार म्हणतो, असं करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात कपड्यांच्या शोरूमला चार वर्षं कायम आहात, नेमणुकीच्या लेटरवर आठ तास आहेत आणि आता पाच तासांच्या एका कागदावर सही मागतायत. सही करू नका. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण हा कागदाचा प्रकार मी फार जवळून पाहिलाय म्हणून लिहितोय.

२०१९ ला गाड्यांचा धंदा बसला होता तेव्हा मोठ्या कंपन्या प्रॉडक्शन बंद ठेवायचे दिवस जाहीर करायच्या, आणि त्यांच्या जिवावर जगणाऱ्या पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या वेंडरांचं, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्यांचं, शेड्यूल लगेच खाली यायचं. मी भोसरीत अशाच एका वेंडरकडे सीएनसी सेटर होतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन लावून द्यायचो, साठ-सत्तर माणसं. आधी ओव्हरटाइम गेला, त्यावर कुणी काही बोललं नाही. मग एक दिवस टाइम ऑफिसच्या काचेवर नोटीस, ना तारीख ना कुणाची सही, की पुढील सूचनेपर्यंत आठवड्यातून चारच दिवस काम आणि पगार प्रत्यक्ष कामाच्या प्रमाणात. जेवणाच्या सुट्टीनंतर एकेकाला केबिनमध्ये बोलवायला लागले. टेबलावर टाइप केलेला कागद, नावाची जागा तेवढी रिकामी, 'मी स्वखुशीने आठवड्यातून चार दिवस काम व त्यानुसार सुधारित वेतन मान्य करीत आहे.' मी म्हटलं घरी नेऊन वाचतो, तर एचआरचा पोरगा म्हणे नेता येणार नाही, इथेच वाचा. चार ओळींचा कागद, वाचायला काय होतं त्यात, पण न्यायला का नाही?

संध्याकाळी साडूला फोन लावला, तो एका कंपनीत पर्सोनेलला, म्हणजे एचआरलाच, आहे आणि घरात कायद्याचं काही निघालं की शेवटचा शब्द त्याचाच. तो म्हणाला अरे लेटरमध्ये असतंच ना की कंपनी वेळ बदलू शकते, विषय संपला, सही कर आणि नोकरी टिकव. ह्यावरून आमचं आजही वाजतं. लेटरमधल्या एका ओळीवर सगळं होत असेल तर सही कशाला मागता बाबा? करून टाका की. सकाळी सातची शिफ्ट आठला चालू करणं वेगळं आणि आठवड्यातले दोन रोज खाणं वेगळं.

तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, कामाचे तास किंवा पगार बदलायचा तर कामगाराला २१ दिवस आधी नोटीस. आणि काम नाही म्हणून बसवलं तर तो ले-ऑफ, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्याला बेसिक आणि डीएचे (मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे) निम्मे द्यावे लागतात. मात्र रोज ठरलेल्या वेळी गेटवर हजेरी लावायची. आमचा सिक्युरिटीवाला रजिस्टरच देईना, वरून ऑर्डर. मग आम्ही सही न केलेली पोरं समोरच्या टपरीच्या पत्र्याखाली भिजत उभं राहून एचआरच्या मेलवर 'आज हजर आहे, काम दिले नाही' असं टाकायचो. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज दिला, कंपनीला पत्र गेलं, आणि तारखेला ह्याच मेलच्या प्रिंट पुढे ठेवल्यावर निम्मे पैसे निघाले. सही केलेल्यांना एक रुपया नाही.

साडू म्हणतो निम्म्यासाठी एवढा उपद्व्याप. अरे पण सही करणाऱ्यांचं बेसिकच कागदावर खाली आलं, आणि काम परत सहा दिवसांवर आलं तेव्हा ते वर न्यायला कुणी केबिनमध्ये बोलावलं नाही. सही केलेल्यांतले एक काका त्यानंतर लवकरच रिटायर झाले. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या बेसिक-डीएवर निघायची, दर वर्षाचे १५ दिवस, त्यामुळे काकांच्या वीसेक वर्षांचा हिशोब त्या कापलेल्या बेसिकवर झाला. हे मी साडूला सांगितलं की तो चहा मागतो.

आता तुमचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड आलाय, त्यात हीच २१ दिवसांची नोटीस कलम ४० मध्ये आहे. पगाराच्या नव्या कायद्यात, म्हणजे वेतन संहितेत, अजून एक गोष्ट आहे, किमान वेतन रोजावर ठरलेलं असेल आणि मालकानेच दिवसाचं काम कमी दिलं तर त्या दिवसाचे पैसे पूर्ण दिवसाचे धरायचे, माणूस स्वतःच काम करायला तयार नसेल तर नाही. आलं लक्षात ते 'स्वखुशीने' कशासाठी असतं? म्हणून आजच मालकाला मेल टाका की मी लेटरप्रमाणे आठ तास काम करायला तयार आहे, कमी तास मान्य नाहीत. पाच तासांनी घरी पाठवलं तर तेही त्याच दिवशी लिहा, व्हॉट्सॲपवर टाकलं तरी चालेल पण रोज.

हां, एक राहिलं, ले-ऑफचे निम्मे पैसे हा कारखाने, खाणी आणि चहा-कॉफीसारख्या मळ्यांचा मामला आहे, शोरूमला तो धरू नका. आणि तुम्ही मॅनेजर असाल किंवा महिना अठरा हजारांच्या वर पगार घेणारे सुपरवायझर असाल तर ती २१ दिवसांची नोटीसही तुमच्यासाठी नाही, मग तुमचं लेटर हाच आधार, ते आधी वकिलाला दाखवा. मालक खरंच अडचणीत असेल आणि तुम्हालाही नोकरी टिकवायचीय तर तडजोड करा की, पण किती महिन्यांसाठी ते आणि बेसिक आहे तेवढंच राहणार हे दोन्ही कागदावर घेऊन, आणि एक प्रत खिशात टाकून. असा कागद कुठलाच मालक देत नाही असं आमचा साडू म्हणतो. इतकी वर्षं पर्सोनेलला आहे, आजवर एकाही कामगारासाठी त्याने तो मागून बघितलेला नाही.