वारलेल्या आईशी टॅरो कार्डांतून बोलता येतं का? आपल्या देवळातल्या कौलासारखंच असतं का ते?

आईच उत्तर देते याला कसलाही पुरावा नाही, पण तुमचं तिला जे सांगायचं राहिलं ते मनातून वर काढायला टॅरो खरंच उपयोगी पडतो. कौलाशी मात्र त्याची गल्लत करू नका. देवळात गुरव मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ लावतो आणि ते उजवीकडचं पडलं की डावीकडचं, यावरून देवाचं होय-नाही कळतं. टॅरोत 78 चित्रं असतात, त्याला होय-नाही विचारलंत तर काही हाती लागत नाही. म्हणून ‘आई सुखात आहे ना?’ असं न विचारता ‘आईचं काय मी धरून ठेवू?’ असं विचारा.

एका वेळी तीनच कार्डं काढा:
- आमच्यात काय होतं
- काय बोलायचं राहिलं
- आता मी काय करू

चित्र बघून सुचेल ते आधी वहीत लिहा, पुस्तकातला अर्थ नंतर वाचा. 13 क्रमांकाचं मृत्यूचं कार्ड आलं तर घाबरू नका, त्याचा रूढ अर्थ एक पर्व संपून बदल होणं असा आहे. सगळ्यात जास्त बिघडतं ते मनासारखं कार्ड येईपर्यंत पुन्हा पुन्हा पिसत बसल्याने. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कार्डं दमट होऊन एकमेकांना चिकटतात, नीट पिसली जात नाहीत, तेव्हा ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जमिनीच्या वाटणीसारखे निर्णय यावर घेऊ नका. ‘आई अतृप्त आहे’ म्हणत कुणी विधीचे पैसे मागितले, तर तिथून सरळ उठा.