किराणा दुकानासाठी ऑनलाइन बिलिंग घ्यावं की कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर?

तालुक्याच्या गावी एकच दुकान, एकच काउंटर असं तुम्ही लिहिलंय. मग निव्वळ ब्राउझरवर चालणारं घेऊ नका. कॉम्प्युटरवर टाकायचं घ्या, नाहीतर नेट गेलं तरी बिल काढून देणारं आणि नेट आल्यावर आपोआप सिंक होणारं.

संध्याकाळी सातची गर्दी, तूरडाळ काट्यावर आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय, हे मी भोगलंय. तेव्हा वहीवर लिहायचं, आणि मग रात्री स्टॉक काही केल्या जुळत नाही.

कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरची गोम म्हणजे बॅकअप. माझी हार्ड डिस्क ऐन धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बसली. उधारीची खाती साफ. गिऱ्हाइकांनी आपणहून सांगितलं तेवढंच वसूल झालं. आता शटर ओढण्याआधी रोज पेन ड्राइव्हवर कॉपी करतो आणि ती घरी नेतो. जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी शाखा काढायचा विचार असेल तर मात्र ऑनलाइनच बरं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तसं काही झालं की एकाच जागी दुरुस्ती करून भागतं. वर्गणी दरवर्षी भरावी लागते, ते धरून चाला.

डेमोला माणूस आला की राउटरची वायर काढा आणि म्हणा, आता बिल करून दाखवा. सगळा डेटा एक्सेलमध्ये काढता येतो का, हेही तिथल्या तिथे बघून घ्या.