वाचक विचारतात: नाडीचा ठोका आणि रक्ताचा वेग

प्रश्न : कडक नळीतील प्रवाहाचे सूत्र रक्तवाहिनीला का चालत नाही?

उत्तर : कडक नळीतील प्रवाहाच्या म्हणजे प्वाझॉयच्या सूत्रात नळीची त्रिज्या ठरलेली आणि प्रवाह संथ, एकसारखा असतो, धमनी मात्र प्रत्येक ठोक्याला फुगते व आकसते, म्हणून तिचे छेद-क्षेत्रफळ हेच एक अज्ञात राशी बनते. वस्तुमान व संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) यांच्या अक्षय्यतेची, म्हणजे ते नष्ट होत नाहीत या नियमाची, दोन समीकरणे मांडूनही अज्ञाते तीन उरतात : क्षेत्रफळ, वेग आणि दाब. तिसरे समीकरण भित्तिकेच्या (धमनीच्या भिंतीच्या) लवचिकतेतून, म्हणजे दाब व क्षेत्रफळ यांच्या नात्यातून मिळते, आणि खरी मेख तिथेच आहे.

या मांडणीतून दाबाची लाट निघते. मोएन्स व कोर्टेवेग या डच संशोधकांच्या १८७८ च्या सूत्रानुसार तिच्या वेगाचा वर्ग भित्तिकेचा ताठरपणा व जाडी यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, तर रक्ताची घनता व वाहिनीचा व्यास यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. तरुण माणसाच्या महाधमनीत ही लाट सेकंदाला सुमारे ५ मीटर धावते, रक्त स्वतः त्याहून बरेच सावकाश जाते. मनगटाला जाणवतो तो लाटेचा ठोका, नुकत्याच निघालेल्या रक्ताचा नव्हे. वयानुसार भित्तिका ताठरते, तशी लाटही वेगवान होते. अर्थात हे सूत्र पातळ भित्तिका व घर्षणरहित द्रव गृहीत धरते. सूक्ष्म वाहिन्यांत, जिथे श्यानता (द्रवाचा दाटपणा, म्हणजे अंतर्गत घर्षण) वरचढ ठरते, ते वापरू नये.